चिमट्यातलं चाक

मोटारसायकलच्या मागच्या सॉकेटवरची, म्हणजे दातेरी चक्रावरची, चेन दोन बोटांत धरून मागे ओढून बघा. नवी असेल तर ती दातांना चिकटून बसलेली असते, तसूभर हलत नाही. मिस्त्रींनी माझ्या गाडीची ओढली तेव्हा अर्धा दात उघडा पडला आणि फटीतून पलीकडची भिंत दिसली.

"उजेड दिसायलाय," ते म्हणाले. झालं निदान. मोजपट्टी नाही, यंत्र नाही, नुसता उजेड.

गाडी वडिलांची, २००४ साली घेतलेली स्प्लेंडर. वडील बियाणे कंपनीत फिरतीवर होते. जालना हे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे या धंद्यातल्या कंपन्यांची रांगच लागली. कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंग नीट चाललंय का, हे बघायला कुणीतरी रोज भोकरदन, जाफराबाद, देऊळगाव राजा करणार. ते कुणीतरी म्हणजे आमचे वडील. गाडीच्या मीटरला आकडे पाचच, त्यामुळे ९९,९९९ नंतर तो गुपचूप शून्यावर येतो आणि गाडी पुन्हा कुमारिका होते. आमचा मीटर एकदा शून्य पाहून आता ३७ हजारांवर आलाय. मागचं चाक एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर पुढे जातं, किलोमीटरला ५३० फेरे. म्हणजे हे चाक आजवर सात कोटींहून जास्त वेळा फिरलंय. आणि या सात कोटी फेऱ्यांत आमच्या घरातलं कोणीही, कधीही, त्या चाकाच्या पोटात डोकावलेलं नव्हतं.

म्हणून या वेळी मी गॅरेजमध्येच बसून राहिलो. अंबड चौफुलीच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये, उलट्या घातलेल्या ऑइलच्या डब्यावर.

गाडी मेन स्टँडवर. मिस्त्रींनी ब्रेकच्या सळईचा नट सोडला, एक्सलचा नट सोडला, हातोडीने दोन टोले घालून एक्सल बाहेर ओढला, आणि चाक 'चिमट्या'तून खाली उतरलं. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये धरलेलं असतं त्यांना मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. यापेक्षा नेमका शब्द शोधून सापडायचा नाही. चुलीतला निखारा धरावा तसं तो चाक धरतो, आणि खड्डा आला की त्याला घेऊन वर-खाली होतो.

इथेच पहिली गंमत आहे. चेन नेहमी थोडी सैल का ठेवतात? अंगठ्याने खालून दाबली तर ती दोनेक सेंटीमीटर वर-खाली झाली पाहिजे. मला वाटायचं, घट्ट चेन म्हणजे चांगली चेन. पण चिमटा ज्या बिजागरीवर हलतो ती एका जागी आणि पुढचं सॉकेट तिच्या पुढे, दुसऱ्या जागी. दोघांचे मध्य वेगळे. त्यामुळे चाक वर-खाली झालं की पुढच्या आणि मागच्या सॉकेटमधलं अंतर बदलतं. दोन सॉकेट आणि बिजागरी अशी तिन्ही एका रेषेत आली की ते अंतर सगळ्यात जास्त. गाडी रिकामी असताना चेन तंग करून दिली आणि मग मागे एक पोतं लादून गाडी खड्ड्यात आदळली, तर चेनला जायला जागाच उरत नाही. ती गिअरबॉक्सच्या शाफ्टलाच मागे खेचते. म्हणून जाणता मिस्त्री चेन ताणताना एका पोराला सीटवर बसायला सांगतो. मी इतकी वर्षं समजत होतो, पोरगं टाइमपास करतंय.

मिस्त्रींनी सॉकेट हातात घेऊन माझ्यासमोर धरलं. मी दात मोजले, ४३. पुढचं छोटं, इंजिनकडचं, १४ दातांचं. नव्या सॉकेटचे दात मंदिराच्या कळसासारखे दोन्ही बाजूंनी सारखे असतात. माझ्या सॉकेटचे एका अंगाला झुकून टोकदार झाले होते, हुबेहूब वाघनखं.

लोखंडी दात असा एकाच बाजूला वाकतो तरी कसा? वाकत नाही, खाल्ला जातो. आणि खाणारी असते लांबलेली चेन.

"चेन ताणली म्हणायची," मी म्हणालो.

"चेन ताणत नसती, भाऊ. झिजती." मिस्त्रींना हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणावं लागत असणार, इतक्या कंटाळून ते म्हणाले. मग त्यांनी दाराच्या खिळ्याला जुनी चेन टांगली आणि शेजारी नवी. दोन्हींत कड्या १०४. वरची टोकं बरोबर. खाली पाहिलं तर जुनी सुमारे दोन कड्यांनी लांब, जवळजवळ अडीच सेंटीमीटर!

पट्ट्या तर जशाच्या तशा आहेत. मग ही लांबी आली कुठून?

चेनची एक कडी जवळून बघू या. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी एक पिन, पिनीभोवती एक बारीक नळी म्हणजे बुश, आणि बुशभोवती मोकळा फिरणारा रोलर. ही मांडणी १८८० सालची. हान्स रेनॉल्ड नावाचा स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला आलेला तरुण. त्याने आदल्याच वर्षी कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला होता. त्या चेनमध्ये पिन थेट पट्टीच्या भोकात फिरायची. म्हणजे सगळा ताण पट्टीच्या जाडीएवढ्या कडेवर. दाराच्या कोयंड्यात खिळा फिरावा तसा, त्यामुळे भोक बघता बघता लंबगोल. रेनॉल्डने मध्ये बुश घातला. आता पिन तिच्या जवळजवळ सगळ्या लांबीवर टेकते, आणि ताण वाटला जातो. बाहेरचा रोलर दातावर घासत नाही, गडगडत बसतो. एवढंच. पण ती मांडणी इतकी बिनतोड निघाली की जवळपास दीडशे वर्षांनंतर जालन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेल्या चेनमध्येही तीच आहे.

तरी ताण वाटला जातो म्हणजे किती? पहिल्या गिअरमध्ये, भरल्या गाडीने चढ चढताना, चेनवर तीन-साडेतीनशे किलोंची ओढ सहज येते. ती पेलायची पिन-बुशच्या टेकणीने, आणि ती टेकण आहे जेमतेम अर्धा चौरस सेंटीमीटर. करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर एक बैल उभा करून बघा.

आता हिशेब. जुनी चेन अडीच सेंटीमीटर लांबली. सांधे १०४. म्हणजे एकेका सांध्यात पिन आणि बुश मिळून झिजले पाव मिलिमीटर. डोक्याचे तीन केस शेजारी शेजारी ठेवा, तेवढं. कुठलाही एक सांधा हातात घेतला तर बोटाला जाणवणारही नाही. पण १०४ सांध्यांची बेरीज झाली की दात उघडा पडतो आणि उजेड दिसतो.

आणि हे तीन केस झिजायला किती काम झालं? घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. चाकाचा एक फेरा म्हणजे ४३ दात पुढे. चेन किलोमीटरला सुमारे २२० वेळा पूर्ण फिरते. प्रत्येक चकरेत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो: मागच्या सॉकेटवर चढताना, उतरताना, आणि पुढच्यावर तसंच. ही चेन २५ हजार किलोमीटरांपूर्वी बसवलेली. म्हणजे एकेक सांधा दोन कोटींहून जास्त वेळा वळला. पाव मिलिमीटर भागिले दोन कोटी वीस लाख. उत्तर आलं, आणि मी ते तीनदा तपासलं. सरासरी एका वळण्यात जी झीज होते ती लोखंडाच्या एका अणूच्या जाडीपेक्षाही कमी आहे. अणूएवढा एक थर निघायला सांध्याला वीस-बावीस वेळा वळावं लागतं!

काळ्या ऑइलने बरबटलेल्या, मुरमाच्या धुळीने माखलेल्या, रोज देऊळगाव राजाला जाऊन येणाऱ्या चेनबद्दल बोलतोय मी. सोनाराच्या तराजूबद्दल नाही.

अर्थात ही सरासरी झाली. चेन कोरडी पडली, किंवा तिच्यावर जळकं ऑइल ओतून त्यात रस्त्याची धूळ मिसळली, तर पिन आणि बुशच्या मध्ये जे तयार होतं ते दुसऱ्या दुकानात पॉलिशची पेस्ट म्हणून पैसे देऊन घेतात. मग अणूंचा हिशेब विसरा. म्हणून मिस्त्री चेन आधी रॉकेल नाहीतर डिझेलने धुतात, पुसतात, आणि मग नव्वद नंबरचं ऑइल आतल्या बाजूने, रोलरच्या कडेला, थेंब-थेंब सोडतात. वरून ओतलेलं ऑइल पिनीपर्यंत पोचतच नाही, ते पँटवर येतं. यातली आणखी एक चकित करणारी गोष्ट सांगतो. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी सायकलच्या चेनची कार्यक्षमता मोजली. एका टोकाला दिलेल्या शक्तीतली ९८.६ टक्क्यांपर्यंत शक्ती दुसऱ्या टोकाला पोचत होती. आणि ऑइल घातल्याने त्या आकड्यात फारसा फरक पडला नाही! म्हणजे ऑइल ताकदीसाठी नसतंच मुळी, ते आयुष्यासाठी असतं.

चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत, हे तुम्ही कधी पाहिलंय? आतली कडी, बाहेरची कडी, आतली, बाहेरची. टोकं जुळायची तर जोड्याच हव्यात. आता पुढच्या सॉकेटचे दात १४, तेही सम. मग कल्पना करा, एखादा दात आज आतल्या अरुंद कडीत शिरला, तर तो जन्मभर आतल्याच कडीत शिरणार. त्याच्या शेजारच्याचं नशीब बाहेरच्या कडीशी बांधलेलं. पंगतीत एकाला कायम पुरणपोळी आणि शेजाऱ्याला कायम भाकरी. मागच्या सॉकेटचे दात मात्र ४३, विषम. तिथे दर फेऱ्याला ताट बदलतं, प्रत्येक दाताच्या वाट्याला प्रत्येक कडी येते आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. जुनं सॉकेट पुन्हा बघितलं. खरोखर, एकही दात दुसऱ्यापेक्षा कमी खाल्लेला नव्हता.

आता १४ दातांच्या त्या छोट्या सॉकेटचा एक दोष. ते गोल नाहीच! चेनच्या दृष्टीने ते चौदा कोनांचं आहे. जुन्या विहिरीवरचा रहाट आठवा, फळ्या ठोकलेला. दोर फळीच्या कोपऱ्यावर आला की थोडा भरभर सरकतो, दोन फळ्यांच्या मध्ये थोडा हळू. तसंच इथे. इंजिन अगदी एकसारखं फिरलं तरी चेनचा वेग दर दाताला अडीच टक्क्यांनी कमी-जास्त होतो. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला सुमारे ३८० दात येतात. म्हणजे सेकंदाला ३८० हिसके. त्यात इंजिन एका सिलिंडरचं. त्याचे दणके वेगळे, सेकंदाला चाळीस-पन्नास. हे सगळं चाकापर्यंत पोचलं तर गाडीवर बसलेल्या माणसाचे दात खिळखिळे व्हायला हवेत. होत नाहीत. का?

मिस्त्रींनी सॉकेटची थाळी हबपासून वेगळी केली आणि आतून चार काळे रबरी ठोकळे काढून माझ्या हातावर ठेवले. हब रबर. थाळीचा जोर चाकाला लोखंडातून थेट मिळतच नाही. थाळीच्या मागचे लोखंडी कान या रबरांच्या मध्ये बसतात. इंजिन ढकलतं रबराला, रबर ढकलतं चाकाला. तुमची गाडी, तुमचं पोतं, मागे बसलेली मावशी, सगळं पुढे जातं ते या चार ठोकळ्यांच्या जोरावर.

माझे ठोकळे दबून चपटे झाले होते. थाळी हाताने मागे-पुढे केली की 'खट्' वाजायची. गिअर टाकताना मागून जो आवाज यायचा तो हाच. नवं रबर मिळत नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून फटीत सारतात. मिस्त्री तो तुकडा हातात घेऊन क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली आणि पोरगं नवी रबरं आणायला पळालं.

ब्रेकबद्दल फार सांगत नाही. लायनर गुळगुळीत झालेले, नवे टाकले, ड्रम पॉलिश पेपरने घासला, कॅमला ग्रीस. एवढंच सांगतो, की दोन शूंपैकी एक शू ड्रमच्या फिरण्याबरोबर स्वतःच ड्रमवर दाबला जातो आणि ब्रेक तुमच्या पायापेक्षा जास्त जोराने लागतो. फिरणारं चाक स्वतःलाच थांबवायला हात लावतं म्हणा ना.

बेरिंगवर मात्र थांबायलाच हवं. मिस्त्रींनी आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवलं. खरखर. नवं तसंच फिरवलं तर काहीच नाही, ना आवाज, ना स्पर्श. पोलादी गोळ्या असतात आत, आणि चांगल्या बेरिंगमधली गोळी किती गोल असते? तिच्या गोलाईतली चूक मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. केसाची जाडी याच्या सत्तरपट. इतक्या गोल गोळ्या ढिगाने बनवायच्या कशा, हे कोडं जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने १८८३ साली सोडवलं, गोळ्या घासणारं यंत्र बनवून. पण त्याच्या आधी १४ वर्षं, नोव्हेंबर १८६९ मध्ये, पॅरिस ते रूआँ अशी एक सायकलशर्यत झाली आणि जेम्स मूरने ती जिंकली. त्याच्या सायकलच्या चाकांत बॉल बेरिंग होती. म्हणजे आपल्या बुलेट-स्प्लेंडरच्या चाकातलं सगळ्यात नाजूक काम सायकलवाल्यांनी आधी करून ठेवलंय.

चाकात दोन बेरिंग, दोन बाजूंना. आणि मध्ये एक साधी लोखंडी नळी. ना दात, ना धार, भंगारातला पाइप वाटावा अशी. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याकडून बेरिंग बदलताना ती आत घालायची राहून गेली. दोन महिन्यांत बेरिंग गेलं. कारण एक्सलचा नट आवळला की ती आवळ दोन्ही बेरिंगच्या आतल्या रिंगांवर येते. मध्ये नळी असेल तर जोर नळीतून पलीकडे जातो, गोळ्या निवांत. नळी नसेल तर आतल्या रिंगा एकमेकींकडे ढकलल्या जातात आणि गोळ्या कडेला दाबून मरतात. नळीची लांबी तंतोतंत हवी. काम काय, तर दोघांच्या मध्ये उभं राहायचं.

मग तारा. या रिंगला ३६ तारा. मिस्त्रींनी चाक फिरवत स्क्रूड्रायव्हर एकेका तारेला टेकवला, टिंग टिंग टिंग, आणि मध्येच एक 'टक्'. ती सैल. कान तबलजीचा. मग खडू रिंगजवळ स्थिर धरून चाक फिरवलं. जिथे खडू लागला तिथे रिंग बाहेर आलेली. तिथली एक निपल पाव आटा आवळायची, समोरची पाव आटा सोडायची. याला 'आऊट काढणे' म्हणतात. अख्ख्या गाडीचं वजन या बारीक तारांवर उभं असतं, तेही ताणून धरलेल्या तारांवर. चाकावर भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, बस्स. वाकायची पाळीच येत नाही. वडील एकदा पावसाळ्यात जाफराबादकडच्या काळ्या रानातून आले होते, मडगार्डमध्ये चिखल गच्च, चाक फिरेना. पऱ्हाटीच्या काडीने चिखल उकरत उकरत गाडी ढकलत आणली. त्या दिवशीही तारा शाबूत होत्या.

सगळं परत चढलं. चेनचं लॉक लावताना मिस्त्रींनी पोराला हटकलं. लॉकची ती पत्र्याची क्लिप माशासारखी दिसते, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला शेपटासारखी उघडी. बंद टोक चेन ज्या दिशेला जाते तिकडे. "मासा कधी उलटा पोहतो का रे?" पोराने फिरवून लावली. मग चिमट्यावरच्या खुणांकडे न बघता मिस्त्री मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि चेनच्या रेषेतून पुढे पाहिलं. खुणा खोट्या असू शकतात म्हणे, रेषा नसते. पोरगं सीटवर बसलं, चेनचा ताण पाहिला, चाक फिरवून चार ठिकाणी पुन्हा पाहिला, आणि एक्सल आवळला.

जुनी चेन, दोन्ही सॉकेट आणि बेरिंग कोपऱ्यातल्या डब्यात खणखणत पडली. डबा भरला की भंगारवाला नेतो. जालन्यात भंगाराला लांब जावं लागत नाही. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये ते वितळतं आणि पलीकडच्या रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडतं. वडिलांची वाघनखं आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातील.

मी गाडी चालू केली, गिअर टाकला. 'खट्' नाही.

"पाचशे किलोमीटरला या," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "नवी चेन आहे, सुरुवातीला जरा बसती. ताणून देतो."

"ताणत नसती ना पण?"

ते पुढच्या गाडीकडे वळले होते.